१९७७ पासून, आणि तेही मुंबईत!

१९७७ पासून! ज्या मुलांना धड ऐकूही येत नाही आणि धड दिसतही नाही, त्यांच्यासाठी बेरोझ वाच्छा यांनी तेव्हाच मुंबईत हेलन केलर संस्था सुरू केली, देशातला असा पहिलाच प्रयत्न. हे कळल्यापासून भेटेल त्याला मी सांगत सुटले आहे.

माझ्या बहिणीचा मुलगा असाच आहे. कानाला श्रवणयंत्र, डोळ्यांवर जाड भिंगांचा चष्मा. कर्णबधिर मुलांच्या वर्गात बाईंच्या खुणा त्याला दिसत नाहीत, अंध मुलांच्या वर्गात बाईंचं बोलणं पोचत नाही. कानाचे डॉक्टर डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवतात, तिथून परत कानाच्या. आणि आता कळतंय की या जोड-अडचणीची स्वतंत्र शिकवण्याची रीत आहे, तिचे प्रशिक्षित शिक्षक आहेत, आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या एकवीस प्रकारांमध्ये बहुविकलांगतेखाली बधिरांधतेचा स्पष्ट उल्लेख आहे! शिवाय त्यासाठी पूर्ण अंध आणि पूर्ण बहिरं असावं लागतच नाही. बहुतेकांना थोडं दिसत असतं किंवा थोडं ऐकू येत असतं. ‘आमच्या बाळाला दिसतं की थोडं’ म्हणून थांबलेल्या प्रत्येक आईला मला हे ओरडून सांगायचंय.

अशा मुलांना शिकवण्याची रीत तर ऐकाच. जेवायच्या आधी मुलाच्या हातात त्याची वाटी द्यायची, आंघोळीआधी टॉवेल, बाहेर निघताना चप्पल. रोज तीच वस्तू, त्याच वेळी. हळूहळू वाटी हातात आली की जेवण येणार हे त्याला कळू लागतं. एरवी त्याच्या लेखी काय होतं? कुणीतरी अचानक उचलतं आणि अंगावर पाणी ओततं. मग मूल किंचाळणार नाही तर काय करेल! आपण त्याला हट्टी म्हणतो. जवळ येणाऱ्या माणसाचीही खूण ठरवतात: आईने तिच्या बांगड्यांवर त्याचा हात ठेवायचा, आजोबांनी मिशीवर. पुढे हाताखाली हात घेऊन स्पर्शाने खुणांची भाषा, तळहातावर बोटाने काढलेली अक्षरं, ब्रेल. ज्याला जे जमेल ते. ताईने बांगड्यांची खूण लगेच सुरू केलीय.

मुंबई लांब पडते त्यांनी काय करायचं? तर अहमदाबादला सेन्स इंटरनॅशनल इंडिया आहे, १९९७ पासून. ती ठिकठिकाणच्या स्थानिक संस्थांना हाताशी धरून काम करते, आणि ज्यांना शाळेत नेणं शक्य नाही अशा मुलांच्या घरी शिक्षक जातात. घरी! अंथरुणाला खिळलेल्या मुलाच्या आईला या एका शब्दाची किंमत विचारा. चेन्नईजवळ मुट्टुकाडूला तर बहुविकलांगांसाठी केंद्र सरकारची अख्खी राष्ट्रीय संस्था आहे.

कागदपत्रांचंही सांगते, कारण तिथेच माणसं थकतात. आधी दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी हे दिव्यांग ओळखपत्र, ते निघताना कान आणि डोळे दोन्हींची नोंद झाली आहे ना ते पाहायचं. १९९९ च्या कायद्याने आलेल्या राष्ट्रीय न्यासात बहुविकलांगता येते. त्यांची निरामय योजना वर्षाला एक लाखापर्यंत आरोग्य विमा देते, तोही आधी वैद्यकीय तपासणी न करता. आणि मूल अठराचं झाल्यावर कायदेशीर पालक नेमण्याची सोय आहे, जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीकडून. ‘आमच्यानंतर याचं कोण’ या प्रश्नाला जिल्ह्याच्या ठिकाणी एक दार आहे, हे भावजींना सांगितलं तेव्हा ते खुर्चीतून उठूनच उभे राहिले.

ताईने वहीत प्रश्न लिहायला घेतलेत. रात्री झोपायची वेळ त्याला कोणत्या वस्तूने सांगायची, श्रवणयंत्र काढून फेकतो त्याचं काय, ब्रेल कधीपासून. भावजींचा एकच आहे, पण त्याखाली त्यांनी दोन रेघा मारल्यात: असे आणखी आईबाप कुठे भेटतील?