न जुळलेला गोल

घोडेगावहून शनिशिंगणापूरकडे वळलं की रसवंत्या लागतात. लाकडी चरकाभोवती बैल आपल्याच पावलांवर पावलं टाकत फिरत असतो, घुंगरं छुमछुमत असतात, उसाच्या ओल्या चिपाडांचा वास उन्हात आंबूस होत जातो. आणि त्या दुपारी हा सगळा नाद कानांत घेऊन, बहिणीच्या ओट्यावर पालथी पडून, जिभेचं टोक दातांत धरून माझ्या सहा वर्षांच्या भाचीनं कागदावर पहिला गोल काढला.

तिला कावळा शिकायचा होता.

चिमणी नको, मोर तर नकोच. शनिदेवाचं वाहन हवं. सोपं असतं ते. डोक्याचा लहान गोल, त्याला खालून बिलगलेला पोटाचा कलता लंबगोल, चोचीचा लांबट त्रिकोण, शेपटीच्या तीन रेघा. पायाची बोटं तीन पुढे, एक मागे. मग डोळा. गोलातला हा ठिपका मोठा नाटकी. वर सरकवला की कावळा आभाळाकडे बघत भोळा होतो, चोचीशी आणला की लबाड, पार मागे नेला की कुणाची तरी भाकरी हेरत बसलेला. मान मात्र काळी करायची नाही. तिथलं शिसं बोटानं हलकेच पसरवायचं, म्हणजे राख फासावी तशी ती करडी उतरते.

बोट काळं झालं. तिला तेच जास्त आवडलं.

आर. के. लक्ष्मण आयुष्यभर कावळे का काढत राहिले, ते अशा वेळी थोडं उमगल्यासारखं वाटतं. ज्या पाखराला रंगाचा तोरा नाही, त्याला रेषेखेरीज लपायला जागाच नसते. पलीकडे चौथऱ्यावर शनिदेवाची काळी शिळाही अशीच उभी: ना कळस, ना गाभारा, अंगावर तेलाचा ओघळ आणि वर नुसतं आभाळ.

मग तिनं चिऊचं घर काढलं. उतरतं छप्पर, एक खिडकी, एक चौकट.

"आणि दार गं?"

"दार कशाला, मावशे? तसाच यील की आत."

माझ्या लहानपणी चिऊ-काऊच्या गोष्टीतलं सगळं दुःख दाराशीच साचलेलं असायचं. शेणाचं घर वाहून गेलेला भिजका काऊ बाहेर, मेणाच्या घरातली चिऊ आत, बाळाची अंघोळ, बाळाची पावडर, आणि मधे ते मिटलेलं फळकूट. ऐकता ऐकता मी मोठी झाले, शहरात घर केलं, त्याला तीन कड्या लावल्या आणि कुणी वाजवलं की आधी 'थांब' म्हणायला शिकले. इथं शिंगणापुरात बहिणीच्या घराला नुसती चौकट. रात्री कुत्री शिरू नयेत म्हणून एक फळी टेकवतात, तेवढंच. या पोरीला काऊ बाहेर का ताटकळतो, तेच कळत नव्हतं.

कागद जवळ ओढला. पोटाचा गोल शेपटीपाशी जुळलाच नव्हता. ज्वारीच्या दाण्याएवढी फट. माझी पेन्सिल नकळत तिकडे गेली, तोच तिनं आपला काळा तळवा वर ठेवला.

"राहू दे. वारं जातंय तिथून."

रसवंतीवर बैल थांबला होता. अर्ध्या फेरीवर.