बहिणाबाई वाचताना

संत बहिणाबाईचं आत्मचरित्र सलग एका बैठकीत वाचायचं म्हटलं, तर मुलं मोठी होईपर्यंत थांबावं लागेल. म्हणून मिळेल तेवढं वाचते. धाकटीला थोपटताना एक अभंग, थोरल्याचे पाढे चालू असताना दुसरा. पुस्तकात खूण म्हणून शाळेच्या फीची पावती, पानाच्या कडेला वरणाचा पिवळा डाग.

ही बहिणाबाई १६२८ साली जन्मलेली, तुकोबांची शिष्या. खानदेशच्या बहिणाबाई चौधरी वेगळ्या. लग्न झालं तेव्हा वय अवघं तीन, नवरा तिशीचा. ब्राह्मणाच्या बायकोनं तुकोबांना गुरू मानावं, हे त्याला सोसलं नाही. त्यानं तिला मारलं, ती पोटुशी असताना टाकून जायला निघाला. तिनं ना संसार सोडला, ना विठ्ठल. बाईच्या देहाला वेदांचा अधिकार नाही, ही खंत तिनं स्वतःच्या शब्दांत लिहून ठेवली. सतराव्या शतकात! मला हे फार मोठं वाटतं.

पतिव्रताधर्मावरचे तिचे अभंग मात्र पटत नाहीत. तरी ते गाळून पुढे जाववत नाही. मार खाल्लेल्या बाईला असं का लिहावंसं वाटलं असेल? मेथी निवडताना हेच डोक्यात घोळत राहतं. आईला विचारलं तर म्हणाली, "अगं, तिला जायला दुसरी जागा तरी होती का?"

मरणाआधी बहिणाबाईनं मुलाला आपले बारा पूर्वजन्म सांगितले. रविवारी मुलं बाबांबरोबर बागेत गेली की त्या जन्मांचे अभंग काढणार आहे.