ओहोळाच्या जागी रस्ता

घोलवड

ती. दादास सा. न.

परवा फोनवर नीट बोलता आलं नाही, म्हणून लिहायला बसले. शेजारची वाडी विकली गेली आणि आता दलाल तुझ्यापर्यंत पोचलाय. आपली वाडी मिळाली तर बिल्डरांना थेट बोर्डी रस्त्यावर निघता येतं, म्हणून एवढा भाव देतायत. पोरीच्या शिक्षणाला पैसा लागणार आहे, हे मला कळतं. तरीही संमतिपत्रावर इतक्यात सही करू नकोस.

शेजारच्या वाडीच्या लेआउटचा नकाशा मी ग्रामपंचायतीत पाहून आले. आपल्या कुंपणालगतचा ओहोळ त्यात नाही. त्याच्या जागी ‘१२ मीटर रस्ता’ असं लिहिलंय. श्रावणात तिथे कमरेएवढं पाणी असतं. वरच्या सगळ्या वाड्यांचं पाणी त्यातूनच खाडीकडे उतरतं. ते अडलं की आपल्या झाडांच्या मुळाशी साचणार, आणि चिकूला तेवढं एक सोसत नाही. पाण्यासाठी बोअर दाखवलेत, सांडपाण्यासाठी सेप्टिक टाक्या. समुद्र इतका जवळ आहे की उपसा वाढला तर खारं पाणी आत शिरायला वेळ लागायचा नाही. एकदा विहीर मचूळ झाली की नुसती आपली वाडी जाणार नाही. एप्रिल-मेमध्ये पाड्यावरच्या बायका आपल्याच विहिरीवर हंडे भरतात, त्यांनी कुठे जायचं?

पाण्याचं मला जास्तच लागतं. सूर्या नदीवर धामणीचं धरण झालं ते इथल्या शेतीसाठी. आता त्याच खोऱ्यातलं रोज ४०३ दशलक्ष लिटर पाणी वसई-विरार आणि मीरा-भाईंदरला देण्याची योजना आहे. म्हणजे तिकडच्या इमारतींसाठी पाणी इथून न्यायचं, आणि इथे इमारती बांधून त्यांना बोअर पाडून द्यायचे. हे मला मान्य होत नाही.

घरं नकोतच, असं म्हणणारी मी नाही. वाढवण बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ ला झाली. कामाला येणारी माणसं कुठेतरी राहणारच, आणि पाड्यावरच्या पोरांनाही पक्की घरं हवीच आहेत. पण बंदरावर निदान जनसुनावणी झाली, डहाणूच्या पर्यावरण प्राधिकरणापुढे आणि कोर्टात वाद झाले. त्याच्या मागून जी वस्ती येणार तिची चर्चा कुठेच नाही. एक वाडी बिगरशेती होते, मग शेजारची, मग तिच्या पलीकडची. प्रत्येक कागद वेगळा, आणि सगळं मिळून काय होणार हे कुणी विचारत नाही.

२० जून १९९१ च्या केंद्राच्या अधिसूचनेने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरवला. उद्योगांना जास्तीत जास्त ५०० एकरांची मर्यादा, एवढंच लोकांच्या लक्षात राहिलं. पण हिरवे पट्टे, फळबागा आणि आदिवासी क्षेत्रं नकाशावर आखून त्यांचा जमीनवापर बदलू द्यायचा नाही, हेही त्यातच आहे. हे पाळलं जावं म्हणून सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर १९९६ मध्ये प्राधिकरण नेमलं गेलं आणि न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी अनेक वर्षं त्याचे अध्यक्ष होते. मग फळबागेवर इमारत कोणत्या आधारावर उभी राहते, हे मला लेखी हवंय.

आदिवासींची जमीन महसूल संहितेच्या कलम ३६-अ मुळे सहजासहजी बिगर-आदिवासींकडे जात नाही. म्हणून बिल्डर आधी आपल्यासारख्यांच्या वाड्या धरतात. पण आपल्या वाडीवर पोट कुणाचं आहे? चिकू तोडणारी, निवडणारी, पेट्या भरणारी माणसं पाड्यावरचीच. न्हावा-शेव्याच्या बाजूला सरकारने जमीन घेतली तेव्हा दि. बा. पाटलांच्या मागे लोक उभे राहिले, १९८४ साली जासईत गोळ्या झेलल्या, तेव्हा कुठे घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्क्यांचे भूखंड मिळाले. इथे व्यवहार खासगी. तुला पैसे मिळतील, मला मिळतील. आपल्याकडे आयुष्यभर राबलेल्यांच्या हाती काहीच येणार नाही. त्यांचं नाव सातबाऱ्यावर नाही.

तलासरीकडेही हायवेलगत जागा बघायला गाड्या येतात. नोव्हेंबर २०१८ पासून धुंदलवाडी, हळदपाडा, तलासरी या पट्ट्यात भूकंपाचे किती धक्के बसले ते तू पेपरात वाचलंस. आम्ही इथे ते अंगावर घेतले. १ फेब्रुवारी २०१९ चा तर ४.१ चा होता. माणसं थंडीत अंगणात, तंबूत झोपत होती. कारवीच्या कुडाच्या घरात निदान अंगावर विटा पडत नाहीत. त्या जमिनीवर उंच इमारती उठवायच्या तर पाया कसा घेणार, कोण तपासणार, हे आधी ठरायला हवं.

गावात बरेच जण माझ्यासारखंच बोलतात, पण घरात बसून. तुझी सही नसेल तर लेआउटला रस्ता मिळत नाही, म्हणून तुझ्या शब्दाला आज वजन आहे. दलालाला सांग, ओहोळ, पाणी आणि सांडपाणी यांची लेखी उत्तरं ग्रामसभेत मिळाल्याशिवाय बोलणं नाही. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत हा विषय घ्यावा, असा अर्ज मी देतेय. त्यावर तुझंही नाव घालू ना? आदल्या दिवशीच ये. वाडीची मोजणी झाली होती तिचा नकाशा तुझ्या कपाटात आहे, त्यात ओहोळ स्पष्ट दाखवलाय. तो आठवणीने आण.

वहिनीला नमस्कार, पोरीला आशीर्वाद.

तुझी,
माई