सरहद्द, तांडा आणि पिढ्यांची कथा

जेम्स मिचनर यांची ‘सेंटेनिअल’ ही कादंबरी 1974 मध्ये प्रसिद्ध झाली आणि 1978-79 मध्ये अमेरिकेतील एनबीसी वाहिनीने तिच्यावर आधारित बारा भागांची मालिका प्रक्षेपित केली. कोलोरॅडोतील प्लॅट नदीकाठचे एक कल्पित गाव हा तिचा विषय. अठराव्या शतकाच्या अखेरीस कातड्यांच्या व्यापारासाठी नदीतून वर येणारा पास्किनेल, पेनसिल्व्हेनियातून छत असलेली गाडी घेऊन निघालेला लेव्ही झेंट, नदीचे पाणी पाटाने शेतात नेणारा ‘पोटॅटो’ ब्रुमबॉ आणि विसाव्या शतकातील त्यांचा वारस पॉल गॅरेट अशा पिढ्या एकाच भूमीवर एकामागून एक उभ्या राहतात. माणसे मरतात, गावाचे नाव बदलते. नदी आणि जमीन मात्र तीच राहते. पिढ्यांच्या कथेला लागणारे सातत्य हे कथन पात्रांकडून घेत नाही, ते जमिनीकडून घेते.

या रचनेमागे एक वैचारिक गृहीत आहे. फ्रेडरिक जॅक्सन टर्नर या इतिहासकाराने 1893 मध्ये शिकागो येथे वाचलेल्या निबंधात अमेरिकन स्वभावाची घडण सरहद्दीवरील ‘मोकळ्या’ भूमीशी जोडली होती. 1862 च्या होमस्टेड कायद्याने प्रत्येक वसाहतकऱ्याला 160 एकरांचा हक्क देऊ केला, तोही ही भूमी मोकळी आहे असे मानूनच. ‘सेंटेनिअल’चे मोठेपण असे, की ती या गृहीताला पूर्णपणे शरण जात नाही. तिच्या आरंभी लेम बीव्हर हा अरापाहो योद्धा आहे आणि मध्यावर एक हत्याकांड आहे, ज्यामागे 1864 मधील सँड क्रीकची स्मृती आहे. तथापि कथनाची चौकट अखेरीस त्या भूमीवर टिकून राहणाऱ्याचीच ठरते. गॅरेटच्या अंगात अरापाहो रक्त आहे खरे, परंतु कथा त्याच्यापर्यंत येऊन पोहोचते ती तो जमिनीचा धनी आहे म्हणून.

हिंगोलीकडच्या वाचकाला या चित्रातील काही गोष्टी ओळखीच्या वाटतील. सरहद्द इथेही होती. निजामाच्या पदरी ठेवलेल्या कंटिंजंट फौजेच्या खर्चापोटी 1853 च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली गेला आणि पैनगंगा ही दोन राजवटींमधील सीमा ठरली. त्याच फौजेची छावणी हिंगोलीत होती. वेस्टर्नपटातील किल्ला आणि सीमानदी अशी दोन्ही चिन्हे येथे हजर होती. नव्हती ती फक्त मोकळी भूमी. औंढा नागनाथाचे देऊळ आणि परंपरेने नामदेवांचे जन्मस्थान मानलेले नरसी ज्या मुलखात आहेत, तेथे प्रत्येक ओढ्याला आणि माळाला कोणीतरी आधीच नाव दिलेले होते. अशा भूमीत ‘पहिला माणूस’ कथेत आणता येत नाही.

बैलांचे काफिले मात्र येथेही होते. मीठ आणि धान्य बैलांच्या पाठीवर लादून मुलूखभर फिरणारे बंजाऱ्यांचे तांडे मोगलांपासून इंग्रजांपर्यंत सगळ्यांच्या फौजांना रसद पुरवीत. 1803 च्या दख्खनच्या मोहिमेत वेलस्लीची भिस्तही त्यांच्यावर होती. या व्यापाराला त्यांच्या बोलीत ‘लदेणी’ म्हणतात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पक्क्या सडका आणि आगगाडी आली आणि लदेणी संपली. कोलोरॅडोत आगगाडी वसाहतकऱ्याला आणून सोडते आणि त्याच्या कथेला वेग येतो. दख्खनमध्ये तिच्यामुळे एका समाजाची चालती कथा थांबली. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने फिरत्या जीवनावरच संशयाचा शिक्का मारला. पुढे तांडा गावकुसापासून दूर, माळाच्या हलक्या जमिनीवर स्थिरावला. अमेरिकन महाकथेत वसणे ही फलश्रुती असते. तांड्याच्या बाबतीत वसण्यात निर्वाहाची सोय होती आणि पराभवही होता.

मराठीत या अनुभवाला कोणते वाङ्मयरूप लाभले, हा खरा समीक्षेचा प्रश्न आहे. आत्माराम कनिराम राठोड यांचे ‘तांडा’ (1989) हे आत्मकथन आहे, पिढ्यांची महाकादंबरी नव्हे. याची संगती केवळ दलित-भटक्यांच्या साहित्यातील आत्मकथनाच्या प्रभावाने लागत नाही. पिढ्यांच्या कथेला दप्तर लागते: खरेदीखत, वाटणीपत्र, सातबारा, निदान एक जुना वाडा. मालमत्ता हस्तांतरित होते तशी कथा हस्तांतरित होते. ज्याच्या नावावर जमीन नाही त्याच्याजवळ भाटाने गायिलेली वंशावळ असते आणि स्वतःचे एक आयुष्य असते. म्हणून त्याच्या लेखनाचा एकक ‘घराणे’ न होता ‘मी’ होतो. आत्मकथनात कालाचा विस्तार नाही अशी तक्रार करणाऱ्या समीक्षेने हा विस्तार कोणत्या सामग्रीवर उभा राहतो, हे आधी विचारायला हवे होते.

अर्थात तांड्याला केवळ बळीच्या भूमिकेत बसविणे हेही एक सुलभीकरण ठरेल. कळमनुरी-औंढ्याच्या डोंगराळ पट्ट्यात आंध या आदिवासी समाजाचीही वस्ती आहे. माळावर नांगर घालणाऱ्या कोणाचीही कथा लिहिली गेली, तर तिथे आधी कोण वावरत होते, हा प्रश्न तिलाही टाळता येणार नाही. ‘सेंटेनिअल’पासून मराठी लेखकाला काही घेता येईल तर ते येथे. तिच्यातील ब्रुमबॉचा मळा साखरबिटाचा आहे आणि तो राबतो परक्या मजुरांवर. त्रांकिलिनो मार्केस हा मेक्सिकन मजूर मालिकेच्या उत्तरार्धात केवळ पार्श्वभूमीला न राहता पात्र म्हणून येतो. मराठवाड्याच्या तांड्यांतून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघणाऱ्या कुटुंबांना हा मार्केस परका वाटू नये. साखर दोन्हीकडे एकच आहे. तोडणाऱ्याच्या नावावर शेत नाही, हेही दोन्हीकडे एकच आहे.

2025 च्या सप्टेंबरात मराठवाड्यातील बंजारा समाजाने जुन्या हैदराबाद संस्थानच्या गॅझेटिअरमधील नोंदींचा आधार घेऊन अनुसूचित जमातीत समावेशाची मागणी लावून धरली. मागणीचा निर्णय शासनाच्या आणि न्यायालयाच्या कक्षेतला. परंतु वाङ्मयाच्या अभ्यासकाला त्यात एक विलक्षण गोष्ट दिसावी. आपण कोण होतो हे सांगण्यासाठी एका समाजाला स्वतःच्या गाण्यांकडे न जाता, त्याची मोजदाद करणाऱ्या राजवटीच्या पुस्तकाकडे जावे लागते. तांड्याची पिढ्यांची कथा जेव्हा लिहिली जाईल, तेव्हा तिला या दोन साक्षींमधून वाट काढावी लागेल. गॅझेटिअरमध्ये तांडा कोठे थांबला याची नोंद मिळेल. तो कोठून आणि का निघाला होता, हे भाटाच्या गाण्यातच शोधावे लागेल.