अकरा फ्रेम

स्मरणिकेसाठी 'आपल्या कार्यक्षेत्राविषयी काही लिहून पाठवा' असा मुख्याध्यापकांचा निरोप आला तेव्हा मी थोडा संकोचलो. या पानांवर माझे प्राध्यापक, डॉक्टर आणि अधिकारी झालेले वर्गमित्र लिहीत आले आहेत. मी चित्रफितींचे संकलन करतो. म्हणजे दुसऱ्यांनी टिपलेली दृश्ये बंद खोलीत बसून कापतो आणि जोडतो. परंतु गतवर्षी आपल्या शाळागीताची चित्रफीत तयार करण्याचे काम माझ्याकडे आले आणि त्यात जे घडले ते दुसरीकडे कुठे सांगण्यासारखे नाही.

गीताचे ध्वनिमुद्रण आधीच सभागृहात झाले होते. चित्रीकरणाच्या वेळी ते ध्वनिवर्धकावर वाजवायचे, मुलांनी त्याबरोबर गायचे, आणि असे अनेक टेक घ्यायचे: एक पहाटे बुद्धविहाराच्या पायऱ्यांवर, एक दुपारी मैदानात, एक संध्याकाळी वसतिगृहाच्या व्हरांड्यात. पुढे संगणकावर हे सारे टेक एकाखाली एक असे लावावे लागतात, की गीताचा कोणताही शब्द घेतला तरी तो प्रत्येक टेकमध्ये त्याच उभ्या रेषेवर यावा. त्यासाठी टाइमकोड असतो. प्रत्येक फ्रेमला तास, मिनिट, सेकंद आणि फ्रेम अशी चार जोड्यांची ओळख दिलेली असते. आपल्याकडे सेकंदाला 25 फ्रेम धरतात. त्या हिशेबाने पूर्ण दिवसाच्या 21 लाख 60 हजार फ्रेम होतात आणि त्यांतील प्रत्येकीचा क्रमांक वेगळा.

मात्र कॅमेऱ्यातील घड्याळाचा टाइमकोड इथे निरुपयोगी ठरतो. पहाटेचा टेक सहाचा, व्हरांड्यातला सायंकाळचा. घड्याळाच्या दृष्टीने त्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. म्हणून वेळ दिवसाची न घेता गीताची घेतात. गीत वाजवणाऱ्या यंत्राच्या एका वाहिनीवर गीत आणि दुसरीवर ध्वनिरूपातील टाइमकोड भरलेला असतो. पहिली वाहिनी ध्वनिवर्धकाकडे जाते, दुसरी बिनतारी मार्गाने कॅमेऱ्याच्या ध्वनिपट्टीवर नोंदली जाते. आम्ही गीताचा आरंभ 01:00:00:00 ला ठेवला होता. त्यामुळे पहाट असो वा संध्याकाळ, पहिला सूर लागला की कॅमेऱ्याच्या लेखी बरोबर एक वाजलेला असे. संकलनाच्या वेळी 'दा विंची रिझॉल्व्ह'ला ध्वनिपट्टीवरून टाइमकोड वाचण्याची आज्ञा दिली की सारे टेक आपापल्या जागी येऊन बसतात. (एकदा माझ्याकडून वाहिन्यांची अदलाबदल झाली आणि मैदानभर त्या टाइमकोडची कर्कश किरकिर घुमली. पाचवीची मुले पोट धरून हसली. पुन्हा रांगेत उभी करायला अर्धा तास गेला.)

माझी चूक झाली ती चौथ्या टेकमध्ये. भोजनगृहाच्या दाराशी जो दुसरा कॅमेरा लावला होता, त्याचा टाइमकोड घेणारा संच मी पहिल्या कॅमेऱ्यावरच विसरलो. तो टेक क्रमांकावाचून टिपला गेला. आणि नेमक्या त्याच टेकमध्ये, दुसऱ्या कडव्याच्या सुमारास, स्वयंपाकघरातल्या मावशी पदराला हात पुसत दारात आल्या, चौकटीला टेकून उभ्या राहिल्या आणि गाऊ लागल्या. आपल्यापैकी किती पिढ्या त्यांच्या हातच्या भाकरीवर वाढल्या हे वेगळे सांगायला नको. मी खेळून उशिरा येई, तेव्हा ताटाखाली झाकलेली माझी भाकरी मला नेहमी मिळाली. चित्रीकरणानंतर चार महिन्यांनी मावशी गेल्या. संकलन तेव्हा अर्धेही झाले नव्हते.

क्रमांक नसलेला टेक ध्वनीवरून जुळवता येतो. कॅमेऱ्याच्या स्वतःच्या मायक्रोफोनने मैदानातले गीत टिपलेले असते. त्याच्या लहरी मूळ गीताच्या लहरींशी संगणक ताडून पाहतो. पण इथे मुले आणि ध्वनिवर्धक दारापासून सुमारे 28 मीटर दूर होते. ध्वनी सेकंदाला साधारण 343 मीटर चालतो. एवढे अंतर काटायला त्याला सेकंदाचे आठ शतांश, म्हणजे दोन फ्रेम लागतात. संगणकाने जुळवलेला टेक त्यामुळे दोन फ्रेम आधी बसला. दूरवर ताल धरणाऱ्या संगीताच्या सरांचे हात दोन्ही टेकमध्ये दिसत होते. त्यांची टाळी टाळीशी मिळवून मी तो टेक दोन फ्रेम मागे सरकवला. आता सारे बरोबर होते.

फक्त मावशी मागे होत्या. प्रत्येक शब्द त्यांच्या ओठांवर अकरा फ्रेम उशिरा येत होता. त्यांतल्या दोन अंतराच्या. उरलेल्या नऊ त्यांच्या स्वतःच्या. मी चौकट मोठी करून केवळ मावशींचा चेहरा घेतला आणि तेवढा तुकडा अकरा फ्रेम पुढे ओढला. ओठ शब्दांवर अचूक बसले. आमच्या व्यवसायात याला लबाडी मानत नाहीत, नीटनेटकेपणा मानतात. लोकांना मावशी चुकताना दिसू नयेत, असेही मनात होते.

तयार झालेली चित्रफीत समारंभापूर्वी मी मावशींच्या लेकीला दाखवली. आईचा चेहरा आला तशा ताई रडल्या. मग म्हणाल्या, "दादा, परत लावा." दुसऱ्यांदा पाहून झाल्यावर त्या म्हणाल्या, "आई असं म्हणत नव्हती. तिला कुठं वाचता येत होतं? स्वयंपाकघराच्या खिडकीतून पोरांचं ऐकायची, मग म्हणायची. घरी वंदना घेतानासुद्धा ती आमच्या मागून यायची."

मी सहा वर्षे त्या खिडकीखालून जेवायला गेलो. परिपाठ चालू असताना आतून येणारा तो मागचा आवाज मी रोज ऐकला होता. भिंतीवरून परत येणारा मुलांचाच प्रतिध्वनी असावा, अशी माझी समजूत होती.

त्या रात्री मी तो तुकडा अकरा फ्रेम मागे नेऊन पूर्वीच्या जागी ठेवला. समारंभात पडद्यावर तो आला तेव्हा याच क्षेत्रात नुकताच शिरलेला एक माजी विद्यार्थी माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "सर, तिथे सिंक गेलंय." मी त्याला नंतर बोलू म्हणालो, गर्दीत ते राहून गेले.

ताईंना मी चित्रफितीची प्रत दिलीच, शिवाय दाराजवळच्या कॅमेऱ्याचा तो सबंध टेक त्याच्या मूळ ध्वनीसह वेगळा करून दिला. चित्रफितीत सभागृहातले स्वच्छ ध्वनिमुद्रण आहे, त्यात मावशींचा आवाज नाही. या टेकमध्ये भांड्यांचा आवाज आहे, वारा आहे, लांबून येणारी मुले आहेत आणि मायक्रोफोनच्या अगदी जवळ मावशी आहेत.