पहाऱ्यावरचं हसू

काशीमिऱ्याकडून येताना फाउंटनच्या नाक्यावर ट्रेलरांची रांग लागलेली असते. ती मागे टाकून घोडबंदरचा किल्ला चढावा. खाडीवरचा खारा वारा अंगाला झोंबतो आणि मला हमखास हॉवर्ड हॉक्सचा ‘रिओ ब्राव्हो’ आठवतो.

१९५९चा हा चित्रपट. टेक्सासमधलं गाव, तुरुंगात डांबलेला एक खुनी, त्याला सोडवायला टपलेली त्याच्या भावाची भाडोत्री माणसं. आणि शेरीफ जॉन वेनच्या बाजूला कोण, तर दारूपायी हात थरथरणारा डीन मार्टिन आणि लंगडा म्हातारा स्टम्पी.

वॉल्टर ब्रेननचा हा स्टम्पी म्हणजे माझा जीव की प्राण! बंदूक घेऊन तो कोठडी राखतो आणि दिवसभर कुरकुरतो. आपल्याला बाहेर सोडत नाहीत, आपल्याशी कुणी धड बोलत नाही. एकदा मार्टिन न्हाऊन-धुऊन, स्वच्छ कपडे घालून परततो, तर ओळख न पटल्यामुळे हा थेट गोळीच झाडतो. आपण खो खो हसतो. पण रात्र रात्र जागलेल्या माणसाचं बोट चापावर असंच असणार, हे लगेच जाणवतं आणि पोटात गोळा येतो. वेनच्या रुबाबापेक्षा ही घटका मला कितीतरी खरी वाटते.

घोडबंदरलाही अशी रात्र झाली असेल. अरबी घोडे गलबतांतून इथे उतरत, म्हणून हे नाव पडलं असं सांगतात. पोर्तुगीजांकडून मराठ्यांनी हा किल्ला १७३७ साली घेतला आणि चिमाजी आप्पांनी वसई जिंकली ती १७३९च्या मे महिन्यात. मधल्या काळात ही खाडी म्हणजे धगधगती सरहद्द. सरदारांची नावं कागदोपत्री राहिली. पण भर पावसात घोंगडीखाली बंदुकीची दारू कोरडी ठेवत, मुकादमाच्या नावाने बोटं मोडत शेजारच्याला हसवणारा कुणीतरी इथे होताच, अशी माझी खात्री आहे. मिठागरावरचा आगरी असेल, नाहीतर पागेतला मोतद्दार.

डाकूची दहशत आणि हसू यांची सांगड मराठी पडद्यावर घातली महेश कोठारेंनी, १९९०च्या ‘धडाकेबाज’मध्ये. कवट्या महाकाळला पाहून पोरं दचकायची आणि बाटलीतला गंगाराम दिसला की खुलायची. तो गंगाराम म्हणजे लक्ष्मीकांत बेर्डे. २००४ साली तो गेला. वसईच्या मोहिमेवर चित्रपट निघाला असता, तर त्या मोतद्दाराची भूमिका मी त्यालाच दिली असती.