आवाजाचा हिशोब

आमचा पेशा कारकुनीचा. बी.कॉम. झालेलो असल्यामुळे वस्तीतल्या जयंती मंडळाची वही वर्षानुवर्षे आमच्याकडेच असते. वर्गणी किती जमली, मंडपवाल्याला किती दिले, शिल्लक किती, हे आम्ही पैशापैशाने सांगू शकतो. पण २०२४ च्या जयंतीने आम्हाला दाखवून दिले की, वहीची बेरीज बरोबर येऊनही माणूस हिशोबात चुकतो. चूक आमची होती, तेव्हा ती आम्हीच सांगितलेली बरी.

त्या वर्षी पोरांनी ठरवले की, अमरावतीच्या मिरवणुकीत आपल्या वस्तीचा आवाज सगळ्यांत मोठा पाहिजे. दरवर्षी डीजेवाल्याला भाडे देण्यापेक्षा सामान विकत घेऊ, कायमचे होईल, हा त्यांचा मुद्दा आम्हालाही पटला. मोटारीत बसवतात त्या जातीचा २००० वॅटचा ॲम्प्लिफायर आणि मोठे वुफर आले. बिलावर सही आमची. रक्कम आम्ही दोनदा तपासली, पण वॅटचा आकडा काय सांगतो, हे एकदाही विचारले नाही.

ट्रक वस्तीतल्याच एका भाऊंचा. हरभऱ्याची पोती, संत्र्याच्या पेट्या वाहून संसार चालवणारा माणूस. ट्रकवर कर्जाचे हप्ते चालू. तरी जयंतीला त्यांनी कधी भाडे मागितले नाही. आमच्या वहीत ‘ट्रक भाडे’ या रकान्यात दरवर्षी एकच शब्द असे : निरंक.

मोठ्या ट्रकमध्ये १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकीला एक जोडून २४ व्होल्ट केलेले असतात. ॲम्प्लिफायर होता १२ व्होल्टचा. पोरांनी सोपी वाट काढली. दोनपैकी एकाच बॅटरीवरून वायर ओढली. वायरही घरच्या फिटिंगमधली उरलेली. फ्यूज बसवलाच नाही. गाणे वाजले, पोरे नाचली, आणि आम्ही खाली उभे राहून समाधानाने मान डोलावली.

मिरवणूक इर्विन चौकाजवळ आली. गर्दीमुळे गाडी बराच वेळ एका जागी उभी. एप्रिलचे ऊन, इंजिन तापलेले, म्हणून भाऊंनी ते बंद केले. गाणे मात्र चालूच. थोड्या वेळाने आवाज फाटू लागला. जळक्या प्लास्टिकचा वास आला. एका पोराने धावत जाऊन वायर उपसली. त्याच्या तळहाताला फोड आला, पण आग टळली. मग भाऊंनी सेल्फ मारला. टक्‌ टक्‌ झाले आणि गाडी थंड. बाबासाहेबांच्या पुतळ्यापासून हाकेच्या अंतरावर आमचा रथ बंद पडला.

तिथेच जिल्हा रुग्णालय आहे. त्याच्या फाटकापाशी निळा फेटा बांधलेल्या लहान मुलाला कडेवर घेऊन एक बाई उभी होती. ती आम्हाला म्हणाली, “बरं झालं बाप्पा, बंद पडलं. माही माय आत हाय. मिरवणूक पाह्याले मीच बाहेर आली, पन तिच्या छातीत धडधड होऊन रायली.” बाई आपल्यातलीच. तिला काय उत्तर द्यावे, हे आम्हाला सुचले नाही.

पोरांनी धक्के मारमारून गाडी बाजूला घेतली. दुसऱ्या दिवशी पहाटे भाऊंना अकोल्याचा माल भरायचा होता. गाडी चालू झालीच नाही. माल दुसऱ्या ट्रकने गेला. एका खेपेची कमाई बुडाली. भाऊ चकार शब्द बोलले नाहीत. त्यांचे न बोलणेच आम्हाला जास्त लागले.

दोन दिवसांनी दुसऱ्याची बॅटरी लावून ते अकोल्याला निघाले, तेव्हा आम्ही रजा टाकून सोबत गेलो. आमचा भाचा तिथे गाड्यांचे लाइटकाम करतो, आय.टी.आय. झालेला आहे. मूर्तिजापूर मागे पडेपर्यंत भाऊ आणि आम्ही फारसे बोललो नाही.

भाच्याने दोन्ही बॅटऱ्या मीटरने तपासल्या आणि आमच्याकडे पाहून म्हणाला, “मामा, तुम्ही तं हिशोबनीस. मंग हा हिशोब कसा नाई केला?” त्याने पाटीवर खडूने मांडून दाखवले. २००० वॅट भागिले १२ व्होल्ट म्हणजे सुमारे १६६ अँपिअर. ॲम्प्लिफायर स्वतः तापण्यात घालवतो ते वेगळेच. गाणे सतत पूर्ण जोरात नसते हे खरे, पण जोराचा ठोका पडतो तेव्हा मागणी एवढी. या ट्रकच्या डायनामोवर लिहिले होते ५५ अँपिअर. तेही इंजिन चांगले फिरत असेल तेव्हा. मिरवणूक चालते मुंगीच्या पावलाने, तेव्हा डायनामो त्याहूनही कमी देतो.

“डायनामो म्हंजे पगार आन बॅटरी म्हंजे पासबुक,” तो म्हणाला. “पगारापेक्षा खर्च जास्त झाला का पासबुक रिकामं होते.” त्यातही आम्ही एकाच बॅटरीवर भार टाकला होता. त्यामुळे ती उपाशी राहिली आणि दुसरीला गरजेपेक्षा जास्त चार्ज मिळाला. दोघींचेही आयुष्य घटले.

वायरचे गणितही तसेच. वायर निघाली ४ चौरस मिलिमीटरची. जाऊन-येऊन १० मीटर लांबीत १०० अँपिअर वाहिले, तर ४ व्होल्टच्या वर वाटेतच गळतात आणि ४०० वॅटच्या वर नुसती उष्णता होते. कपड्यांची इस्त्री वायरमध्ये गुंडाळून ठेवल्यासारखेच ते. फ्यूज असतो तो वायरसाठी, म्हणून तो बॅटरीपासून हातभर अंतराच्या आत पाहिजे. भाच्याने आणखी एक गोष्ट सांगितली ती आम्ही विसरणार नाही : कानाला आवाज दुप्पट वाटायला वीज सुमारे दहापट लागते. म्हणजे शेजारच्या मंडळाच्या दुप्पट वाजायचे, तर दहापट बॅटऱ्या जाळायच्या!

परत आल्यावर मंडळाची बैठक झाली. नव्या बॅटऱ्यांचे पैसे कोणी द्यायचे, हा प्रश्न निघाला. एक जण म्हणाले, “जयंतीचं काम होतं. भाऊ कायले पैसे मांगन?” आम्ही उठून सांगितले, “ते मागणार नाहीत, म्हणूनच आपण द्यायचे.” बाबासाहेबांच्या नावासमोर ज्याची जीभ पैशासाठी उचलत नाही, त्याच्या पोटावर आपण उत्सव करायचा काय? वाद झाला. शेवटी ॲम्प्लिफायर विकला. त्यातून दोन बॅटऱ्या आणि बुडालेल्या खेपेचे पैसे भाऊंना दिले. ते घेईनात. आमच्या पत्नीने ते वहिनींच्या हातात नेऊन दिले.

२०२५ च्या जयंतीआधी भाच्याला बोलावले. ट्रकमध्ये मोठा डायनामो, २४ चे १२ व्होल्ट करणारा कन्व्हर्टर, जाड केबल, सगळा खर्च त्याने मांडला. तो आमच्या वर्गणीच्या बाहेरचा होता. मग त्यानेच मार्ग सांगितला. ट्रकच्या विजेला हातच लावायचा नाही. ॲम्प्लिफायर ५०० वॅटचा घ्यायचा, म्हणजे पूर्ण जोरातही सुमारे ४२ अँपिअर. १५० ॲम्पिअर-तासांच्या दोन इन्व्हर्टर बॅटऱ्या शेजारीशेजारी जोडल्या, आणि त्यांची निम्मीच वीज वापरायची ठरवली, तरी साडेतीन तास निघतात. जाड वायर, जवळ फ्यूज, बॅटऱ्या उघड्या हवेत पट्ट्याने बांधलेल्या. चार्ज होताना त्यांच्यातून जळणारा वायू निघतो, म्हणून जवळ विडी-काडी बंद. वीज चौथाई झाली, पण कानाला आवाज निम्म्याहून जास्तच वाटला. हे सगळे काम भाच्याने वस्तीतल्या दोन पोरींना आणि तळहात भाजलेल्या त्या पोराला शिकवत शिकवत केले.

कायदाही आम्ही बैठकीत वाचून दाखवला. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे वस्तीत दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे, आणि दवाखान्याच्या भोवतालचे किमान १०० मीटर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येते. इर्विन चौक जवळ येताच आम्ही यंत्र बंद केले. तेवढा रस्ता महिला मंडळाने नुसत्या गळ्याने गात काढला. वामनदादा कर्डक (१९२२-२००४) गावोगाव गात फिरले, तेव्हा कुठे होते वुफर? तरी त्यांचे शब्द घराघरांत पोचलेच ना!

रुग्णालयाच्या फाटकापाशी आम्ही सवयीने पाहिले. ती बाई दिसली नाही. तिच्या आईचे पुढे काय झाले, ते आम्हाला कळले नाही.

रात्री भाऊंनी सेल्फ मारला. पहिल्याच झटक्याला गाडी सुरू झाली. आम्ही घरी येऊन वही उघडली आणि ‘ट्रक भाडे’ या रकान्यात पहिल्यांदाच आकडा लिहिला.

बंधू-भगिनींनो, आपापल्या वस्तीची वही एकदा उघडून पाहा. जिथे निरंक लिहिले आहे, तिथे कोणाचा तरी घाम असतो.

जयभीम!